साथीच्या काळात घरात एकटे असताना: फोन आणि इंटरनेटवरून माणसांशी जोडलेले कसे राहाल?

लेख थोडक्यात

- एकटे राहणे हा आजार नाही. पण बरेच दिवस माणसांशी बोलणे न झाल्याने येणारा एकाकीपणा झोप, भूक, रक्तदाब, मन आणि औषधे घेण्याची सवय या सगळ्यांवर परिणाम करतो.
- एकट्या माणसाला रोजच्या संपर्काचा आणखी एक मोठा उपयोग आहे. आपल्याला बरे नसेल तर ते कोणाला तरी वेळेवर कळते.
- ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाशी झालेले दहा मिनिटांचे बोलणे हे तासभर स्टेटस आणि व्हिडिओ पाहण्यापेक्षा जास्त उपयोगी असते.
- स्मार्टफोन येत नसला तरी अडत नाही. साधा फोन आणि सकाळचा एक मिस्ड कॉल यावरही चांगली व्यवस्था उभी राहते.

हा विषय आजही का महत्त्वाचा आहे?

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. जुलैमध्ये पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक बंद पाळला गेला, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. या सगळ्या काळात ‘घरीच राहा’ हा सल्ला योग्यच होता. पण घरात दुसरे कोणीच नसलेल्या माणसाला हा सल्ला पाळणे फार जड गेले.

कात्रज, आंबेगाव, धनकवडी या भागात अशी माणसे दोन प्रकारची आहेत. एक म्हणजे मुले परदेशात किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेले, फ्लॅटमध्ये एकटे राहणारे ज्येष्ठ. दुसरे म्हणजे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली, खोली घेऊन किंवा कॉट बेसिसवर राहणारी तरुण मुले. सकाळचे फिरणे, मंदिर, भाजीवाला, कामवाल्या मावशी, मेस, बसमधल्या ओळखी यांतून दिवसभरात चार माणसांशी बोलणे होत असते. टाळेबंदीत हे सगळे एकदम थांबले. दवाखान्यात किंवा फोनवर सांगितल्या जाणाऱ्या तक्रारी मात्र वेगळ्याच असायच्या. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, सारखे थकल्यासारखे वाटते. थोडे बोलते केले की कळायचे, दोन-दोन दिवस कोणाशी धड बोलणेच झालेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. पण एकट्याने घरात राहण्याची वेळ पुन्हा येऊ शकते. नवी साथ येऊ शकते. फ्लू किंवा कांजिण्या झाल्या म्हणून काही दिवस वेगळे राहावे लागते. पाय मोडला तर महिना-दोन महिने बाहेर पडता येत नाही. म्हणून ही व्यवस्था आजारी पडण्याआधीच करून ठेवावी.

एकटे असणे आणि एकाकी वाटणे यात फरक काय?

एकटे असणे म्हणजे घरात किंवा आसपास माणसे कमी असणे. ते बाहेरून दिसते. एकाकी वाटणे ही आतली भावना आहे. आपल्याला जेवढी आणि जशी सोबत हवी, तशी ती नाही असे वाटणे म्हणजे एकाकीपणा. काही माणसे वर्षानुवर्षे एकटी राहतात आणि मजेत असतात. काहींना भरल्या घरातही एकाकी वाटते. म्हणून ‘रोज फोन येतो ना, मग कसला एकाकीपणा’ असे दुसऱ्याने ठरवून चालत नाही.

तुम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारा:

- सोबतीला कोणी नाही असे मला किती वेळा वाटते?
- आपल्याला बाजूला टाकले आहे असे किती वेळा वाटते?
- आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते?

‘क्वचित’ याला १, ‘कधी कधी’ याला २ आणि ‘बरेचदा’ याला ३ गुण द्या. एकाकीपणा मोजण्याची ही जगभर वापरली जाणारी छोटी पद्धत आहे. बेरीज ६ किंवा जास्त आली तर खाली दिलेले उपाय मनावर घ्यावेत. हे आजाराचे निदान नाही. काळजी घ्यायची वेळ आली आहे एवढेच ते सांगते.

एकाकीपणाचा शरीरावर काय परिणाम होतो?

माणूस दीर्घकाळ एकाकी राहिला की शरीर सतत सावध अवस्थेत राहते. ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. झोप उथळ होते, पहाटे जाग येते. एकट्यासाठी कशाला स्वयंपाक करायचा, म्हणून चहा-बिस्किटांवर भागवले जाते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या असे होते. आठवण करून देणारे कोणी नसते.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यास आणि ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र पाहिली गेली. ज्यांचे लोकांशी संबंध चांगले होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि तरुणांमध्येही हे प्रमाण मोठे आहे. म्हणजे हा फक्त म्हातारपणाचा प्रश्न नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी जगभरात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचेही याच संघटनेने सांगितले होते.

साथीत ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मार्च २०२० पासूनच ‘शारीरिक अंतर’ असे म्हणायला सुरुवात केली. अंतर शरीराने ठेवायचे आहे, बोलणे बंद करायचे नाही.

पहिली व्यवस्था: तुम्हाला बरे नसेल तर कोणाला कळेल?

एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर एका कागदावर लिहून ठेवावे. बाथरूममध्ये पाय घसरला, रात्री ताप चढला, साखर एकदम कमी झाली, तर किती तासांनी कोणाच्या लक्षात येईल? उत्तर ‘दोन दिवसांनी’ असे असेल तर ते बदलायला हवे.

यासाठी रोजची ‘हजेरी’ ठरवा. ती अशी:

१. एक माणूस निवडा. मुलगा, मुलगी, बहीण, मैत्रीण, शेजारी, कोणीही चालेल. तो दुसऱ्या गावी असला तरी चालेल.

२. वेळ ठरवा. उदाहरणार्थ, सकाळी आठ वाजता तुम्ही मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ ‘मी उठलो, ठीक आहे’. यात खर्च नाही आणि स्मार्टफोनही लागत नाही.

३. मिस्ड कॉल आला नाही तर काय करायचे तेही ठरवा. साडेआठला त्या माणसाने फोन करायचा. उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा. तरीही उत्तर नाही तर शेजाऱ्यांना किंवा सोसायटीच्या वॉचमनला फोन करून दार वाजवायला सांगायचे.

४. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्या. आजारी असताना आतून कडी लावू नका, नुसते लॅच ठेवा. नाहीतर बाहेरची किल्ली असून उपयोग होत नाही.

५. शेजाऱ्याचा, वॉचमनचा आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर हजेरी घेणाऱ्या माणसाकडे असलाच पाहिजे. अमेरिकेतल्या मुलाकडे आईच्या शेजाऱ्यांचा नंबरच नसतो, असे बरेचदा दिसते. आजच मागून घ्या.

‘मुलांना कशाला रोज त्रास’ असे अनेक ज्येष्ठ म्हणतात. पण एका मिस्ड कॉलचा त्रास कोणालाच होत नाही. उलट दूर राहणाऱ्या मुलांची दिवसभराची धाकधूक कमी होते.

कोणता ऑनलाइन संपर्क खरोखर उपयोगी पडतो?

फोन हातात असणे म्हणजे सोबत असणे नव्हे. सोयीसाठी तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

*सगळ्यात कमी उपयोगाचे:* नुसते पाहत राहणे. रील्स, बातम्या, दुसऱ्यांचे स्टेटस. वेळ जातो, पण तुमच्याशी कोणी बोललेले नसते. काहींना यानंतर जास्तच उदास वाटते.

*मधले:* ग्रुपवर सुप्रभात, फॉरवर्ड, अंगठा. ओळख टिकते, पण मनातले बोलले जात नाही.

*सगळ्यात उपयोगाचे:* दोन्ही बाजूंनी होणारे बोलणे, किंवा मिळून केलेले एखादे काम.

याला चांगला आधार आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात २४० जणांवर एक अभ्यास झाला. घरपोच जेवण मिळणाऱ्या या लोकांपैकी निम्म्याहून जास्त एकटे राहणारे होते. त्यातल्या अर्ध्यांना १७ ते २३ वर्षांच्या स्वयंसेवकांनी फोन केले. पहिले पाच दिवस रोज, नंतर ज्याला जितके हवे तितके. हे स्वयंसेवक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. समोरच्याचे नीट ऐकायचे आणि त्याला बोलू द्यायचे, एवढेच त्यांना शिकवले होते. चार आठवड्यांनी फोन आलेल्यांचा एकाकीपणा, उदासी आणि चिंता इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. हे साधे फोन होते, व्हिडिओ कॉल नव्हते. ते रोजच्या रोज किंवा ठरावीक दिवशी यायचे आणि समोरचा माणूस ऐकत होता.

मिळून करता येण्यासारख्या गोष्टी

‘फोनवर रोज काय बोलायचे?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. बोलायला निमित्त असले की बोलणे आपोआप होते.

- एकत्र जेवण किंवा चहा. व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि दोघांनी आपापल्या घरी जेवायचे. एकट्याने जेवण टाळणाऱ्यांसाठी हे औषधासारखे काम करते.
- नातवंडांना शिकवणे. पाढे, श्लोक, गोष्टी, मराठी वाचन. परदेशातल्या नातवंडांचे मराठी सुधारते आणि आजी-आजोबांना दिवसाला एक काम मिळते.
- पाककृती. सुनेला किंवा मुलाला फोन चालू ठेवून पुरणपोळी, मसालेभात शिकवणे.
- भजन, भिशी, वाचनकट्टा. टाळेबंदीत पुण्यातले काही हास्यक्लब आणि भजनी मंडळे व्हिडिओ कॉलवर भरू लागली. आवाज मागेपुढे येतो, सूर जुळत नाही, पण चेहरे दिसतात.
- एकच कार्यक्रम दोघांनी पाहणे. मार्च २०२० च्या अखेरीस दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागले, तेव्हा अनेक जण भाग संपला की भावंडांना फोन लावत. टीव्ही एकट्याने पाहण्यापेक्षा त्यावर पाच मिनिटे बोलणे महत्त्वाचे.
- सण. २०२० चा गणेशोत्सव बहुतेकांनी घरूनच ऑनलाइन दर्शन घेऊन साजरा केला. आरतीला सगळ्या घरांनी एकाच वेळी कॉल लावला तर एकट्या माणसालाही घरात सण असल्यासारखे वाटते.
- व्यायाम. मैत्रिणीबरोबर फोन चालू ठेवून घरातल्या घरात २० मिनिटे चालणे. तोल जात असेल तर भिंतीजवळ किंवा खुर्चीवर बसून.
- दुःखातही. साथीत अनेकांना जवळच्यांच्या अंत्यविधीला जाता आले नाही. अशा वेळी नातेवाइकांनी ठरवून कॉलवर एकत्र येऊन गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगाव्यात. ‘उगाच रडायला होईल’ म्हणून टाळू नका. एकट्याने रडण्यापेक्षा ते बरे.

दिवसाची साधी आखणी

- सकाळी ८: हजेरीचा मिस्ड कॉल. त्यानंतर नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या.
- सकाळी ११: एका माणसाशी बोलणे. रोज वेगळा माणूस असेल तर उत्तम. एकाच मुलीवर किंवा मित्रावर सगळा भार टाकू नये.
- संध्याकाळी ५: गच्चीवर, गॅलरीत किंवा परवानगी असेल तर बाहेर थोडे चालणे. शेजाऱ्यांशी अंतर ठेवून दोन शब्द.
- संध्याकाळी ७: ग्रुपचा कार्यक्रम किंवा मुलांचा कॉल.
- रात्री ९ नंतर: बातम्या बंद, फोन चार्जिंगला. पण रिंगचा आवाज चालू ठेवून, आणि हात पोचेल असा.

मुले अमेरिकेत असतील तर वेळ आधी ठरवा. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे दहा असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. थंडीत तिथली घड्याळे एक तास मागे जातात, हे लक्षात ठेवा. वेळ ठरलेली नसली की आई-वडील दिवसभर फोनची वाट पाहतात.

फोन नीट वापरता येत नसेल तर

‘मला ते जमत नाही’ यामागे बहुतेकदा डोळे, कान किंवा बोटे यांची अडचण असते.

- डोळे: अक्षर मोठे करून घ्या. चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर तपासा. मोतीबिंदू असेल तर पडदा धूसर दिसतो.
- कान: पलीकडचे बोलणे कळत नाही म्हणून अनेक ज्येष्ठ फोनच टाळतात. स्पीकर किंवा इअरफोन लावून पाहा. कानात मळ साठला असेल तर साध्या उपायाने ऐकू येऊ लागते. व्हिडिओ कॉलमध्ये ओठांची हालचाल दिसल्याने समजायला मदत होते. म्हणून बोलणाऱ्याने उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोलावे. ओरडू नये.
- बोटे: हात कापत असतील किंवा बोटे कोरडी पडली असतील तर पडद्यावर नीट दाबले जात नाही. फोन टेबलावर ठेवून वापरा.

पहिल्या पडद्यावर फक्त चार-पाच माणसांचे फोटो असलेले नंबर ठेवा. कॉल कसा घ्यायचा याच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहा. शिकवणाऱ्याने फोन स्वतःच्या हातात घेऊ नये. ज्येष्ठांना स्वतः करू द्यावे, तीन-चार दिवस रोज. महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून भिंतीला लावा. फोन बंद पडला तर शेजाऱ्यांच्या फोनवरून लावता येतात. रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

विद्यार्थी आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी

तुमचा दिवसभर पडद्याशीच संबंध येतो. लेक्चर, मीटिंग, रात्री सिरीज. तरीही कामाशिवाय कोणाशी बोलणे झालेले नसते. तीन गोष्टी करा. कामाव्यतिरिक्त रोज एका माणसाशी आवाजात बोला, नुसते टाइप करू नका. मित्राबरोबर कॉल चालू ठेवून दोघांनी शांतपणे अभ्यास करा. आणि उठण्या-जेवण्याची वेळ पाळा. रात्रभर जागून दुपारी उठायला लागलात की घरच्यांशी बोलायची वेळच उरत नाही. गावाकडे ‘सगळं ठीक आहे’ असे रोज सांगत असाल आणि ते खरे नसेल, तर निदान एका मित्राला खरे सांगा.

कुटुंबीयांसाठी: व्हिडिओ कॉलवर काय पाहावे?

‘आई, जेवलीस का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’च येते. त्यापेक्षा ‘आज भाजी कोणती केलीस? भाजी कोणी आणून दिली? गोळ्या किती दिवसांच्या राहिल्या?’ असे विचारा. पटकन कळते. शिवाय हे पाहा:

- बोलताना धाप लागते का? एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येते का?
- चेहऱ्याची एक बाजू ओघळली आहे का? बोलणे अडखळते का? शंका आली तर हसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. एक बाजू मागे पडली तर तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ १०८ ला फोन करा. रुग्ण ज्या शहरात आहे, तिथल्या शेजाऱ्याला फोन करायला सांगणे जास्त सोपे पडते.
- वार, वेळ, माणसे यांत अचानक गोंधळ होतो का? ज्येष्ठांमध्ये एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा ‘वयामुळे’ नसतो. संसर्ग, ऑक्सिजन किंवा साखर कमी होणे, सोडियम कमी होणे ही कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- सलग काही दिवस तेच कपडे, विंचरलेले नसणे, मागे घरात पसारा असे दिसते का?
- फोन लवकर ठेवायची घाई, आवाजातला उत्साह जाणे, आवडीच्या विषयावरही न बोलणे.

संसर्ग झाल्यामुळे घरात एकटे असाल तर

कोविडमध्ये काही रुग्णांचा ऑक्सिजन बराच खाली गेलेला असूनही त्यांना दम लागल्याचे जाणवत नसे. एकट्या माणसासाठी हे फार धोक्याचे. फुप्फुसावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही साथीत डॉक्टरांनी सांगितले तर ऑक्सिमीटर जवळ ठेवा आणि दिवसातून चार वेळा आकडा आणि ताप हजेरी घेणाऱ्या माणसाला कळवा.

आकडा घेताना बोट कोमट असावे, नेलपॉलिश नसावे, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. बसल्या जागी ९३ किंवा त्याखाली आला तर लगेच डॉक्टरांशी बोला. ९० च्या खाली किंवा धाप लागत असेल तर थेट रुग्णालय. दीर्घ श्वसनविकार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असतो. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून घ्यावी.

साथीत सहा मिनिटे चालण्याची चाचणीही वापरली गेली. बसल्या जागी आकडा चांगला असेल तरच ती करायची. घरात सपाट जागी सहा मिनिटे चाला, वय ६० च्या पुढे असेल तर तीन. त्यानंतर आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना कळवा. एकटे असाल तर चालताना फोन स्पीकरवर चालू ठेवा, म्हणजे चक्कर आली तर पलीकडच्याला कळेल. बसतानाच धाप लागत असेल तर ही चाचणी करू नका.

डॉक्टरांचा सल्ला फोनवरून घेणे कायदेशीर आहे. त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केली. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवाही मोफत आहे. कॉल करताना सध्याच्या गोळ्या, ॲलर्जी आणि ताप-रक्तदाबाचे आकडे समोर ठेवा. मात्र छातीत दुखणे, बेशुद्धी, झटका, पक्षाघाताची लक्षणे यांत फोनवरच्या सल्ल्यात वेळ घालवू नका.

ऑनलाइन राहताना हे सांभाळा

- खोटे उपाय: २०२१ मध्ये कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असे संदेश फिरत होते. तसे काही होत नाही, आणि जास्त कापूर घातक ठरू शकतो. आरोग्याचा फॉरवर्ड आला की आधी डॉक्टरांना विचारा, मग पुढे पाठवा.
- फसवणूक: एकट्या माणसाशी गोड बोलून किंवा घाबरवून पैसे काढले जातात. ओटीपी, पिन कोणालाही सांगू नका. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप टाकू नका. ‘डिजिटल अटक’ नावाचा कोणताही प्रकार कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर कळवा. लाजून गप्प बसू नका.
- बातम्या: दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी. सतत मृत्यूचे आकडे पाहिल्याने धडधड आणि निद्रानाश वाढतो.
- डोळे आणि मान: दर २० मिनिटांनी लांब पाहा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटत असेल, किंवा नेहमी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर तपासणी करून घ्या. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. थायरॉइड, रक्ताची कमतरता, बी-१२ कमी असणे यांमुळेही अशी लक्षणे येतात, म्हणून तपासणी आवश्यक. झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. दारूचे प्रमाण वाढले असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

जगू नये असे वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे ही तातडीची बाब आहे. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७ आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आणीबाणीसाठी ११२.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*व्हिडिओ कॉलच करायला हवा का?*
नाही. आवाजातले बोलणेही तितकेच उपयोगी पडते. आजारी माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहावे, म्हणजे तब्येतीचा अंदाज येतो.

*मला जास्त बोलायला आवडत नाही. तरीही रोज बोलायचे का?*
ज्यांना एकांत आवडतो त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. सकाळची हजेरी मात्र सोडू नये. ती तब्येतीसाठी आहे.

*बाबा फोनच उचलत नाहीत, चिडतात. काय करावे?*
आधी ऐकू नीट येते का ते पाहा. मग ‘तब्येत कशी आहे’ असे विचारण्याऐवजी एखाद्या कामात त्यांचा सल्ला विचारा. तरीही आठवडाभर असेच चालू राहिले तर नैराश्याची शक्यता धरून डॉक्टरांशी बोला.

*साथ संपल्यावर हे सगळे चालू ठेवायचे का?*
सकाळचा मिस्ड कॉल आणि शेजाऱ्यांकडची किल्ली कायम ठेवा. पाय घसरण्याला साथ लागत नाही. बाकी मात्र, बाहेर पडण्यासारखे असेल तेव्हा फोन ठेवून बाहेर पडा. तलावाभोवती चाला, कट्ट्यावर बसा, माणसांना घरी बोलवा.

आज एकच गोष्ट करायची असेल तर हजेरीचा माणूस आणि वेळ ठरवा, आणि उद्या सकाळी पहिला मिस्ड कॉल द्या.

*ही माहिती सर्वसाधारण आरोग्यशिक्षणासाठी आहे. तुमचे आजार आणि औषधे लक्षात घेऊन तुमचे डॉक्टर देतील तो सल्ला पाळावा.*